मे महिन्यातली गळती

डोंबिवली पूर्वेला एका बिल्डरनं एकाच नकाशावरून दोन इमारती बांधल्या. चार मजली, लिफ्ट नसलेल्या, मधे छातीएवढी कंपाउंडची भिंत. पार्किंगवरून पहिल्याच वर्षी बिनसलं आणि सोसायट्या दोन झाल्या. आपण एकीला अलीकडची म्हणू, दुसरीला पलीकडची.

दोन्ही गच्च्यांवर त्या काळच्या रीतीप्रमाणे वीटतुकड्यांचा कोबा होता आणि त्यावर पांढऱ्या फुटक्या लाद्यांची नक्षी. पस्तीस वर्षं उन्हात तापून आणि पावसात भिजून दोन्ही कोबे तडकले. या भागात चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याला केसाएवढी फट पुरते. शेवटच्या मजल्यावरच्या घरांत आधी पिवळे डाग आले, मग पोपडे, मग प्लास्टरचे तुकडे आणि शेवटी स्लॅबच्या उघड्या पडलेल्या सळया. गंजलेलं लोखंड फुगतं, आपल्या मूळ आकाराच्या कितीतरी पट जागा मागतं आणि ती मिळवायला भोवतीचं काँक्रीट फोडून टाकतं. म्हणजे गळतीत पाणी नुसतं बादलीत पडत नसतं, ते वर बसून इमारत खात असतं. पण हे तळमजल्याच्या माणसाला कोण सांगणार?

“आमच्याकडे कुठे गळतं?” हा प्रश्न अलीकडच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत दरवर्षी विचारला जाई. मग सेक्रेटरी उपविधींचं पुस्तक उघडून गच्चीची दुरुस्ती सोसायटीच्याच खर्चातून करायची असते हे वाचून दाखवत, चहा येई आणि ठराव पुढच्या वर्षावर जाई. जूनच्या पहिल्या आठवड्यात निळी ताडपत्री वर चढे. कोपऱ्यांना विटा.

चौथ्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. आयुष्यभर इतिहास शिकवलेला. त्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर चढून छतावरच्या ओलीच्या कडेनं पेन्सिलीची रेघ ओढत आणि रेघेवर साल लिहीत. अशी एकात एक अकरा वर्तुळं झाली होती. सभेत त्या कधी भांडल्या नाहीत. एका वर्षी मात्र सगळ्या कमिटीला त्यांनी थालीपिठं खायला घरी बोलावलं आणि वर बघायला सांगितलं. ठराव त्या वर्षी पास झाला.

डांबराची शीट घालायची असं ठरलं. आपल्याकडे तिला कुणी मेंब्रेन म्हणतं, कुणी नुसतंच टॉर्चिंग. डांबरात प्लॅस्टिकजातीचा पदार्थ मिसळून, मधे पॉलिएस्टरची जाळी घालून केलेली ही चार मिलिमीटर जाड चादर. रोल एक मीटर रुंद आणि दहा मीटर लांब. वजन चाळीस किलोच्या आसपास, आणि लिफ्ट नाही हे वर आलंच आहे. यातला तो मिसळायचा पदार्थ मुळात टाकाऊ होता. इटलीतल्या नाट्टा या शास्त्रज्ञानं १९५४ साली पॉलिप्रॉपिलीन बनवलं, पुढे १९६३ मध्ये त्याला नोबेलही मिळालं. पॉलिप्रॉपिलीनच्या कारखान्यांत चांगल्या मालाबरोबर एक चिकट, बिनकामाचा भाग निघायचा. तो डांबरात घातला तर डांबर उन्हात पातळ होऊन वाहत नाही, हे तिथल्याच लोकांच्या ध्यानात आलं. जगभरच्या कितीतरी गच्च्या त्या गाळावर कोरड्या राहिल्या.

पलीकडच्या सोसायटीनंही त्याच उन्हाळ्यात काम काढलं. दोघांनी शीट घेतली ती एकाच दुकानातून, एकाच जाडीची. फरक पडला तो माणसात.

पलीकडे आला तो कंत्राटदार चारचाकीतून आला. त्यानं दहा वर्षांची गॅरंटी दिली, तीही स्टँपपेपरवर. गच्चीवर पाणी साचल्यास, कुणी खुर्ची ओढल्यास, डिशअँटेना बसवल्यास, टाकीचं काम केल्यास किंवा इमारतीला हादरा बसल्यास ती रद्द होणार होती. सगळी कलमं वाचून झाल्यावर गॅरंटी उरत होती ती ऊन पडलेलं असताना. पण सभेत कागद हातोहात फिरला आणि सगळ्यांना बरं वाटलं.

अलीकडे आला तो मिस्त्री साठीच्या घरातला, सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याचा. बरोबर भाचा, वीस-एकवीस वर्षांचा. माण हा दुष्काळी मुलूख. १९७२च्या दुष्काळात मिस्त्रीची आई पाझर तलावाच्या बांधावर माती वाहायची आणि हा पोर सुकडीसाठी ताटली घेऊन तिच्या मागे फिरायचा. ज्या तलावातून पाणी झिरपलं तर गाव खूश, अशा तलावाच्या बांधावर वाढलेला माणूस पुढे पाणी झिरपू नये याचे पैसे घ्यायला डोंबिवलीला आला. याचं त्याला स्वतःलाच हसू यायचं.

“गॅरंटी किती वर्षांची?” सेक्रेटरींनी विचारलं.

“कागदावर न्हाई देत सायेब. शीट घातली की खुरे बंद करून गच्चीत पाणी भरायचं. तीन दिवस. वरच्या घरातल्या लोकांनी छताकडं बघत ऱ्हायचं. न्हाई गळलं तर पैसे द्या.”

“आणि गळलं तर?”

“तर म्या हाईच की हितं.”

सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले. कागद नाही म्हटल्यावर त्यांना रुखरुख लागली. पण मिस्त्रीचा दर पलीकडच्या दरापेक्षा थोडा कमी होता आणि शिक्षिकाबाई म्हणाल्या, “मला कागद नको, छत कोरडं पाहिजे.”

पलीकडचं काम चार दिवसांत उरकलं. मधे वळवाची एक सर येऊन गेली होती. दुसऱ्या दिवशी कोबा वरून सुकलेला दिसला, त्यावरच चकचकीत चंदेरी शीट पसरली गेली. संध्याकाळी लोक गच्चीवर फोटो काढायला गेले.

अलीकडे मिस्त्रीनं पहिले सहा दिवस एकही रोल उघडला नाही. जुना कोबा स्लॅबपर्यंत फोडून काढला, मलबा गोण्यांतून खाली नेला. सळया घासून त्यांना गंजरोधक लावलं. मग शंभराला एक असा उतार खुऱ्यांकडे, म्हणजे गच्चीतलं पाणी खाली जायच्या भोकांकडे, काढला. भिंत आणि गच्ची जिथं मिळते त्या काटकोनात सिमेंटचा गोल वाटा केला, कारण शीट काटकोनात दुमडली की तिथंच पुढे चिरते. कठड्याच्या भिंतीत गुडघ्याखाली खाच मारली, शीटचं वरचं टोक तिच्यात जाऊन बसायला. मग सगळं वाळू दिलं. वळवाची सर याही गच्चीवर पडली होती, म्हणून आणखी तीन दिवस गेले. त्या तीन दिवसांत मिस्त्री सावलीत बसून तंबाखू मळत होता. चौथ्या मजल्यावरून खाली जाणारे लोक, हा माणूस काम कधी करणार, असं एकमेकांना विचारत होते. काम चाललं होतंच, ते ऊन करत होतं. ओलीवर शीट घातली तर खालची वाफ उन्हात वर यायला बघते, तिला वाट मिळत नाही आणि शीट फुगते. हे मिस्त्रीनं सेक्रेटरींना दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा त्यांनी मान डोलावली आणि घड्याळ बघितलं.

मग काळा पातळ प्रायमर, आणि तो वाळल्यावर टॉर्च. सिलिंडरला जोडलेली लांब नळी, तिच्या तोंडाशी घोंघावणारी निळी ज्योत. शीटच्या पोटाला नक्षीची पातळ फिल्म असते. ज्योत लागली की आधी ती फिल्म वितळते, मग डांबर चकाकू लागतं, आणि नेमक्या त्या क्षणी रोल पुढे ढकलायचा. लवकर ढकलला तर चिकटत नाही, उशीर झाला तर आतली जाळी करपते. एका पट्ट्यावर दुसऱ्या पट्ट्याची कड चार इंच चढवायची. दाबल्यावर त्या सांध्यातून बोटभर डांबर बाहेर आलं पाहिजे. ते आलं की सांधा आतपर्यंत बसला. हे बघायला ज्या माणसाला कंटाळा येतो त्यानं दुसरा धंदा बघावा, कारण चार मिलिमीटरच्या शीटमधून पाणी सहसा येत नाही. ते येतं दोन शीट जिथं भेटतात तिथून.

शिक्षिकाबाई दुपारी ताक घेऊन वर यायच्या. एकदा त्या भाच्याला म्हणाल्या, “हे तू करतोस ते काम किती जुनं आहे ठाऊक आहे? मोहेंजोदडोला जे मोठं स्नानगृह सापडलं ना, त्याच्या विटांच्या भिंतीमागे डांबराचा इंचभर थर आहे. साडेचार हजार वर्षांपूर्वीचा.”

“मग त्ये गळायचं न्हाई का, काकू?”

“ते आता सांगायला कुणी नाही.”

“भरून बघितलं असंल त्यांनी,” मिस्त्री लांबून म्हणाला.

शेवटच्या दिवशी दुपार कलली होती. राहिला होता तो फक्त पाण्याच्या टाकीच्या खांबामागचा कोपरा, जिथून एक पाइप खाली जातो. अडचणीची जागा, अंग चोरून बसावं लागतं. मिस्त्री खाली टँकरवाल्याशी बोलायला गेला आणि कोपरा भाच्यावर सोडून गेला. सिलिंडर संपत आला होता. सलग चालवल्यानं तो बाहेरून गारठला होता, त्याच्यावर दव धरलं होतं. गॅसचा जोर गेला, ज्योत निळीची पिवळी झाली. दुसरा सिलिंडर तळमजल्यावर. भाच्यानं खाली बघितलं, हाताकडे बघितलं, आणि आहे त्या ज्योतीवर पट्टा कसाबसा गरम करून दाबला. मग तापलेल्या थापीनं सांध्याची कड वरून घोटून घेतली. घोटलेली कड इतकी सुरेख दिसत होती की थोड्या वेळानं त्यालाही वाटलं, झालंय की नीट.

“झालं का रं?” मिस्त्रीनं येऊन विचारलं.

“झालं मामा.”

मिस्त्रीनं बाकीच्या सगळ्या सांध्यांतून थापीचं टोक फिरवून बघितलं. खांबामागे तो वाकला नाही. गुडघे दुखत होते, आणि पोरगा झालं म्हणाला होता.

आता पाणी. इथं सोसायटीत खडाखडी झाली. मे महिना, नळाला एक दिवसाआड पाणी, आणि हा गृहस्थ गच्चीत पाणी ओतायला सांगतो! अडीचएक हजार चौरस फुटांची गच्ची. सगळ्यात उंच जागी इंचभर पाणी उभं राहायचं तर उताराच्या बाजूला ते तीन-चार इंच होतं. म्हणजे दहा हजार लिटरचे दोन टँकर. “पलीकडच्यांनी कुठे भरलं?” एकानं विचारलं. प्रश्न बरोबर होता, पलीकडच्यांनी भरलं नव्हतं.

“सायेब, माज्या गावात टँकर आला की बाया हंड्यावरनं भांडत्यात,” मिस्त्री म्हणाला. “गच्चीत पाणी वतताना माजाच जीव सगळ्यात जास्त तुटंल. वाया जाऊ द्यायचं न्हाई. मागनं पिंपात काढा, फरशा धुवा, झाडांना घाला. पर भरायचं.”

भरलं. खुऱ्यांत बोळे कोंबून सिमेंटनं लिंपले. गच्चीचं तळं झालं, कावळे आले, वरच्या मजल्याची मुलं तीनदा हाकलून लावावी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता शिक्षिकाबाईंच्या स्वयंपाकघरात, अकरा वर्तुळांपासून लांब, अगदी नव्या जागी रुपयाएवढा ओला ठिपका दिसला. नऊ वाजेपर्यंत तो बशीएवढा झाला. बाईंनी स्टूल ओढलं, रेघ मारली, वेळ लिहिली आणि मिस्त्रीला हाक मारली.

मिस्त्रीच्या वाट्याला आलेला त्यानंतरचा तास कुणाच्याही वाट्याला येऊ नये असा होता. ठिपक्याचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर गेला. तळमजल्याचे गृहस्थ, ज्यांच्याकडे कधीच गळत नव्हतं, ते चार मजले चढून बघायला आले. “पाऊस नाही, ढग नाही, आणि नवीकोरी गच्ची गळते!” कुणी म्हणालं, पैसे अडवा. कुणी म्हणालं, स्टँपपेपर का नाही घेतला. कंपाउंडच्या भिंतीपलीकडून एक आवाज आला, “आमची नाही हो गळत!” आणि दोन्हीकडे हशा झाला. खरंच होतं ते. पलीकडची गच्ची मे महिन्यात मुळीच गळत नव्हती.

सेक्रेटरी फार हळू बोलले. “मिस्त्री, आम्ही तुमच्यावर विश्वास टाकला होता.”

“व्हय सायेब. आन् बरं झालं गळलं.”

“बरं झालं?”

“गळणार व्हतंच. आता ऊन हाय, माल हाय, म्या हाय. जुलैत गळलं असतं तर काय केलं असतं तुमी? ताडपत्री.”

ठिपका स्वयंपाकघराच्या दोन भिंतींपासून किती अंतरावर आहे ते मिस्त्रीनं टेपनं मोजलं आणि तेच माप वर गच्चीवर धरलं. बोळे काढून पाणी पाइपानं खालच्या पिंपांत सोडलं. शीट नीट चिकटलेली असली तर पाणी शिरतं तिथंच, फार तर हातभर इकडेतिकडे, खाली उतरतं. शीटखाली पोकळी असेल तर मात्र ते वाटेल तितकं फिरून भलत्याच घरात निघतं. इथं फार फिरलं नव्हतं. माप खांबामागे आलं. मिस्त्री या वेळी गुडघ्यांवर बसला. थापीचं टोक सांध्यात घातलं तर ते सुरीसारखं आत गेलं. त्यानं पट्टा उचलला. आत चार इंचांत फिल्म जशीच्या तशी, नक्षीसकट, कोरी.

फिल्म वितळलेली नाही म्हणजे ज्योत पोचली नाही. यात आणखी सांगण्यासारखं काही उरत नाही. भाचा दोन हात लांब उभा होता.

“सिलिंडर संपला व्हता मामा. दुसरा खाली व्हता.”

“किती जिनं?”

“पाच.”

मिस्त्री काहीच बोलला नाही. जरा वेळानं त्यानं थापी भाच्याच्या हातात दिली. “काप. आन् चारी बाजूंनी ईतभर मोठा तुकडा घाल.” मग सेक्रेटरींकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “सायेब, ह्यो सांधा माजा ऱ्हायला. म्या तपासला न्हाई.”

यातलं खरं किती आणि पोराला झाकण्यापुरतं किती, हे गच्चीवरच्या एकालाही ठरवता आलं नाही. मला विचाराल तर शंभर टक्के खरं. ज्याचं काम त्यानं वाकून बघायचं असतं, गुडघे कुणाचेही दुखोत.

तुकडा संध्याकाळी लागला. सेक्रेटरी म्हणाले, “चला, सापडलं ते बरं. आता कोबा टाका आणि मोकळे व्हा.”

“न्हाई सायेब. परत भरायचं.”

“आता कशाला? दोष तर निघाला!”

“येक निगाला. दुसरा न्हाई हे कशावरनं?”

टँकरचे पैसे सोसायटी पुन्हा देणार नव्हती, ते मिस्त्रीनं भरले. निम्मे आपल्या मजुरीतून कापा, असं भाचा म्हणाला, आणि मामानं खरोखरच कापले. दुसरं भरणं तीन दिवस राहिलं. बाईंच्या छतावरचा ठिपका कडेनं सुकत सुकत आत आला. मग पाणी काढलं, शीटवर कापडाचा थर आणि जाळीचा पातळ कोबा पडला, कारण उघडं डांबर उन्हानं सुकून तडकतं. जून लागला. अलीकडच्या सोसायटीत त्या पावसाळ्यात विशेष काही घडलं नाही.

पलीकडे मात्र पाऊस यायच्या आधीच, मेच्या अखेरच्या उन्हात, चंदेरी शीटला फुगे आले. पोरं त्यांवर उड्या मारू लागली. जुलैत दोन फुगे फुटले आणि चौथ्या मजल्यावरच्या तिन्ही घरांत पाणी आलं. शीटखालून फिरत आलेलं, त्यामुळे कुठून शिरलं ते कुणाला सांगता येईना. कंत्राटदारानं माणूस पाठवला. त्या माणसानं गच्चीवर साचलेल्या पाण्याचा फोटो काढला आणि कलम दाखवलं. ऑगस्टमध्ये ताडपत्री आली.

पुढच्या एप्रिलमध्ये पलीकडचे सेक्रेटरी भिंतीला वळसा घालून मिस्त्रीचा नंबर मागायला आले. मिस्त्रीची अट तीच होती. ती ऐकून त्यांची कमिटी दोन सभा बसली. पैशांचं काही नव्हतं, टँकरचंही नव्हतं. एका सदस्यानं शेवटी मनातलं बोलून टाकलं, “एकदा एवढा खर्च करून बसलोय. आता पुन्हा केला आणि सगळ्यांसमोर गळलं, तर लोकांना काय तोंड दाखवायचं?” असा विचार करून किती गच्च्या, किती हिशोबाच्या वह्या आणि किती लग्नं न तपासता झाकून ठेवली गेली असतील! तिसऱ्या सभेत त्यांनी होकार दिला. तोवर मेचा पहिला आठवडा उजाडला होता.

या खेपेला टाकीमागचा कोपरा भाच्यानं मागून घेतला. भरलेला सिलिंडर सकाळीच वर आणून ठेवला, आणि काम झाल्यावर मामाला वाकायला लावून सांधा दाखवला. टँकर आल्यावर तो चौथ्या मजल्यावर दारोदार गेला.

“काकू, पाणी तीन दिवस राहणार हाय. अधनंमधनं दिवा लावून वर बघत जावा. कुठंबी ओल दिसली की हाक मारा.”

“म्हणजे? तुम्ही नीट केलं नाहीये का?”

“नीट केलंय. तरी बघा. रात्री दोनला दिसलं तरी उठवा, मी वर जिन्याच्या खोलीतच झोपणार हाय.”